विद्यार्थी साहाय्य, विद्यापीठीय
विद्यापीठात वा संलग्न महाविद्यालयात शिकताना अभ्यास, पैसा, प्रकृती, मनःस्थिती किंवा भोवतालची वागणूक यांमुळे अडचणीत आलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण खंडित होऊ नये व त्याच्या जीवितास अपाय होऊ नये, म्हणून संस्थेने केलेली संघटित व्यवस्था. शिष्यवृत्ती व वसतिगृह, मागे पडलेल्यांसाठी जादा अध्यापन, समुपदेशन, वैद्यकीय सेवा आणि तक्रार-निवारण ही तिची प्रमुख अंगे होत.

ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील निवासी महाविद्यालयांत विद्यार्थ्याच्या अभ्यासावर व क्षेमावर लक्ष ठेवण्यासाठी शिक्षक नेमण्याची प्रथा जुनी आहे. मनःस्वास्थ्यासाठी वेगळी सेवा प्रथम अमेरिकेत, प्रिन्स्टन विद्यापीठात १९१० मध्ये सुरू झाल्याचे सामान्यतः मानले जाते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७० मध्ये विद्यार्थ्यांनीच चालविलेली ‘नाइटलाइन’ ही रात्रीची दूरध्वनिसेवा उभी राहिली. कार्यालये बंद असतात त्या वेळीच एकटेपणा अधिक जाणवतो, हे तिच्या स्थापनेमागील साधे निरीक्षण होय.

महाराष्ट्रात या साहाय्याचा उगम कार्यालयात नसून पंगतीत आहे. शिक्षणासाठी शहरात आलेला गरीब मुलगा माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत असे. ही सोय बहुधा उच्चवर्णीयांपुरती होती आणि मिंधेपणाही तिच्याबरोबर येई. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले व पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजविले. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाविद्यालय (१९४७) त्याच पायावर उभे राहिले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती स्थापन झाली. ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांची राहण्याजेवण्याची सोय हे तिचे कार्य. मदत घेताना मान खाली जाऊ नये, हा या प्रयत्नांतील समान धागा. त्यांचा दुसरा गुण सहसा नोंदला जात नाही : सहभोजनाच्या वसतिगृहात दोन वेळा न जेवलेला मुलगा त्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात येतो.

शिक्षण आयोगाने (१९६४–६६, कोठारी आयोग) मार्गदर्शन व समुपदेशन हे उच्च शिक्षणसंस्थांचे अविभाज्य अंग मानले व दर हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा, अशी शिफारस केली. बहुसंख्य महाविद्यालयांत ती कागदावरच राहिली आणि हे काम प्राध्यापकांवर सोपविले गेले. यात एक मूलभूत अडचण आहे. जो शिक्षक अंतर्गत गुण देतो, हजेरी मोजतो आणि प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही करतो, त्याच्यापुढे विद्यार्थी मन मोकळे करीत नाही; शिक्षक कितीही प्रेमळ असला तरी हे अंतर राहतेच. म्हणून समुपदेशक हा परीक्षा व शिस्त या दोहोंपासून अलग असावा लागतो. प्राध्यापकाचे खरे काम उपचाराचे नव्हे, ओळखण्याचे आहे.

संलग्न महाविद्यालयांच्या पद्धतीत ही ओळखही अवघड होते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यार्थी विकास मंडळ व तक्रार-निवारण कक्ष यांची तरतूद आहे. परंतु विद्यापीठाचे मुख्यालय एका शहरात, तर विद्यार्थी तालुक्याच्या गावी असतो. संकटाच्या खुणा सहसा एकाएकी उमटत नाहीत. वर्गातील गैरहजेरी, थकलेली फी, नादारीचा न भरलेला अर्ज, साठत गेलेले ए.टी.के.टी.चे विषय, खानावळीचे बंद केलेले खाते या त्या खुणा होत. मात्र त्या विभाग, कार्यालय व वसतिगृह यांच्या वेगवेगळ्या नोंदवह्यांत विखुरलेल्या असतात आणि एकत्र वाचल्या जात नाहीत. मदतीसाठी स्वतःहून येणाऱ्यांपुरतीच रचलेली व्यवस्था सर्वांत गरजूंना मुकते. कारण खचलेला विद्यार्थी अर्ज करीत नाही, तो दिसेनासा होतो.

समुपदेशनाचा पाया गोपनीयता हा आहे. जीवितास धोका दिसला तरच, व आवश्यक तेवढीच माहिती, इतरांस द्यावी, असा संकेत आहे आणि तो पहिल्या भेटीतच सांगणे इष्ट असते. आत्महत्येविषयी स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार ठरली आहे. थेट व शांतपणे विचारणे, अशा व्यक्तीस एकटे न सोडणे, घातक साधने दूर करणे व मनोविकारतज्ज्ञाकडे पोहोचविणे, ही प्राथमिक कर्तव्ये होत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरले जाते. त्यामुळे तिला शिक्षेऐवजी उपचार मिळणे अपेक्षित आहे. ‘टेलि-मानस’ ही शासकीय दूरध्वनिसेवा (१४४१६) ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

प्रत्येक दुःखाचे मूळ विद्यार्थ्याच्या मनात असते, असे मानणे मात्र चुकीचे आहे. छळ, जातीवरून होणारा अपमान, इंग्रजी न येण्यावरून केलेली टवाळी यांवर समुपदेशन हा उपाय नव्हे. अन्याय थांबविणे हाच उपाय. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला; विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये रॅगिंगसंबंधी आणि २०१२ मध्ये समतेसंबंधी विनियम जारी केले. अपमानित विद्यार्थ्याला ‘सहनशील हो’ असे शिकविणारा समुपदेशक नकळत अपमान करणाऱ्याचीच बाजू घेतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या प्रश्नासाठी माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. जुलै २०२५ मधील दुसऱ्या निर्णयात, कायदा होईपर्यंत लागू राहतील अशी मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने घालून दिली. त्यांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावयाचा आहे.