बरगे कोण घालणार?

परतीचा पाऊस ओसरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे घालायची वेळ येते. खांबांच्या खाचांत लोखंडी बरगे एकावर एक सरकवायचे, सांध्यांना रबरी पट्ट्या बसवायच्या, तरीही जिथून पाणी झिरपतं तिथे माती चेपायची. आठ दिवस घाई केली तर शेवटच्या पुराचं पाणी काठ फोडून शेजारच्या वावरात शिरतं. आठ दिवस उशीर झाला तर ओढ्याचं वाहणं आटतं आणि बरगे घालूनही मागे साठायला फारसं काही उरत नाही. जूनच्या आधी तेच बरगे उपसायचे, मोजायचे आणि कुठेतरी कुलपात ठेवायचे. लाखो रुपये खर्चून बांधलेल्या बंधाऱ्याचा सगळा उपयोग दरवर्षीच्या या दोन-चार दिवसांच्या कामावर ठरतो. आणि हे काम नेमकं कुणाचं, हेच असंख्य गावांत ठरलेलं नसतं. बंधारा बांधला जिल्हा परिषदेनं, पाणी उपसतात काठचे विहीरवाले, बरगे पडलेत ग्रामपंचायतीच्या आवारात गंजत. त्यातले काही भंगारात गेलेले, काहींची रबरं फाटलेली. बंधारा उभा असतो, पाणी खालून निघून जातं.

मृद व जलसंधारणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. त्यातलं बहुतेक बांधकामाविषयी असतं: किती बंधारे झाले, किती हेक्टरवर चर खोदले, किती गाळ काढला. काम पूर्ण झाल्यावर त्यावर नजर कोण ठेवतं, दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्या बांधाचं काय झालं, साठलेलं पाणी कोणत्या पिकाला गेलं, हे प्रश्न मागे पडतात. दुष्काळी पट्ट्याचं निम्मं दुखणं मला इथे दिसतं.

कागदावर उत्तर तयार आहे. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली. तिच्यासोबत घटनेत आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे 29 विषय दिले आहेत. त्यात पहिला विषय शेती, दुसरा जमीन सुधारणा आणि मृदसंधारण, तिसरा लघुसिंचन, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास. रस्ते, शाळा, दिवाबत्ती यांचा क्रम त्यानंतर लागतो. मात्र यातलं प्रत्यक्षात काय आणि किती सोपवायचं, हे राज्यांवर सोडलं गेलं आणि तिथेच घोडं अडलं. आजही शेतातली बांधबंदिस्ती कृषी विभागाकडे, छोटे तलाव-बंधारे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे मृद व जलसंधारण विभागाकडे, डोंगरमाथा वनखात्याकडे, विहिरींच्या पातळीची मोजणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे आणि पिकांची नोंद तलाठ्याकडे. ग्रामपंचायतीकडे एक ग्रामसेवक, त्याच्याकडेही बऱ्याचदा दोन-तीन गावं. माथ्यावर पडलेला थेंब पायथ्याच्या विहिरीत पोचेपर्यंत इतक्या दप्तरांच्या हद्दी ओलांडतो. त्याचा सलग हिशेब मात्र एकाही दप्तरात सापडत नाही.

असा हिशेब ठेवणं आपल्या गावांना परकं होतं, असं कुणी म्हणेल तर त्यानं धुळे-नाशिककडची फड पद्धत बघावी. पांझरा, मोसम या नद्यांवर छोटे बंधारे घालून काढलेल्या पाटांचं पाणी तिथले शेतकरी काही शतकं स्वतःच वाटून घेत आले. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडात यंदा काय घ्यायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी वाटायला पाटकरी, पिकांची राखण करायला जागल्या, त्यांच्यावर देखरेखीला हवालदार; या सगळ्यांचा मोबदला लाभधारकच देत. वर्षातून एकदा पाटातला गाळ काढायला प्रत्येक खातेदाराच्या घरून माणूस यायचा. पाणी कमी असलं की लांबच्या फडाला त्या वर्षी थांबावं लागे. फेरपालटात पुढे त्याची पाळी येई. वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, तसा फड मोडत गेला. पण बांधणं, राखणं आणि पीक ठरवणं ही तीन कामं एकाच गटाच्या हाती असली की काय होतं, याचा इतका जुना आणि टिकाऊ दाखला दुसरा नाही.

सरकारी मृदसंधारणाची वाट मात्र दुसरीकडून आली. मुंबई इलाख्यात 1942 साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. योजना आखायची, ती गावात जाहीर करायची, हरकती ऐकायच्या, मग बांध घालायचे, अशी त्याची रीत. पुढे ते बांध दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर टाकलेली होती. कायदा म्हणून तो नीट विचार करून केलेला होता. पण बांधाकडे बघणारा माणूस होता तालुक्याला किंवा जिल्ह्याला. शेतात काय घडतं ते असं: समतल रेषेवर घातलेला बांध दोन शेतकऱ्यांच्या हद्दीशी जुळत नाही, औताला तो आडवा येतो. मग पहिल्या वर्षी नांगराचं एक तास बांधाच्या पायाशी लागतं, दुसऱ्या वर्षी आणखी एक. बांध कोरणं हे गावच्या भांडणाचं सर्वात जुनं कारण आहे. कोरत कोरत बांध हातभर उरतो, आणि एखाद्या जून-जुलैच्या वळवासारख्या पावसात नेमका तिथे फुटतो. वरच्या शेताचं सगळं पाणी त्या एका भगदाडातून खाली येतं आणि खालच्या शेतात घळ पडते. सांडवा नीट काढलेला नसला तरी हेच घडतं. घळ पडलेल्या शेताची वरची काळी माती पुन्हा यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

आता खालच्या शेतकऱ्यानं दाद कुठे मागायची? शेजाऱ्यानं पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येतं. तारखा पडतात, स्थळपाहणी होते आणि तोवर एक-दोन पावसाळे निघून जातात. मेच्या शेवटी चार जाणती माणसं शिवारात फिरून कुठला बांध निमुळता झालाय, कुठला सांडवा बुजलाय, हे बघून गेली असती तर दोन पाट्या मातीत काम भागलं असतं.

1972 च्या दुष्काळानं या कामांचं स्वरूपच बदललं. लाखो माणसं कामावर आली. पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती यांचा मोठा डोलारा त्या काळात उभा राहिला, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला पुढे कायद्याचं बळ मिळालं. त्या योजनेनं माणसं जगवली, याबद्दल महाराष्ट्रानं कायम कृतज्ञ राहायला हवं. पण तिच्यासोबत मोजण्याची एक सवय मुरली. साइटवर सगळे ज्याला एमबी म्हणतात त्या मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, खोली लिहायची, त्यावरून घनमीटर काढायचे, त्यावरून मजुरी. मजुराला पैसे मिळण्यासाठी ते आवश्यकच होतं. पण त्या पुस्तकात काम संपल्याच्या दिवसानंतरचं काही लिहायला जागा नाही. पाझर तलावात तिसऱ्या वर्षी गाळ किती साठला, खालच्या विहिरींना पाणी किती वाढलं, याची नोंद कुठेच होत नाही. ठेका यंत्रांकडे गेला, मजूर गेले, तरी मोजण्याची पद्धत तीच राहिली.

जलयुक्त शिवार अभियान 2014 च्या डिसेंबरात सुरू झालं तेव्हा यातून बाहेर पडायची संधी होती. शिवार फेरी काढायची, गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आराखडा ग्रामसभेत मंजूर करायचा, हे सगळं त्या योजनेत लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी माथ्यावरचे चर राहिले आणि पोकलेन थेट नाल्यात उतरले, कारण नाला खोलीकरणात घनमीटर भराभर वाढतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल 2020 च्या सप्टेंबरात विधिमंडळात आला. 9,633.75 कोटी रुपये खर्च झाले होते. सहा जिल्ह्यांतली 120 गावं तपासली, त्यांतल्या 83 गावांत पिण्याच्या आणि शेतीच्या गरजेला पुरेल इतका साठा झालेला नव्हता. या अहवालावरून पक्षापक्षांत बरीच धुळवड झाली. मला त्यातून उचलावीशी वाटते ती वेगळी गोष्ट: ताळेबंद मांडायला सांगितलेला होता, पण तो वर्षानुवर्षं कोण चालवणार हे सांगितलेलं नव्हतं. काम झालं, फलक लागला आणि वही मिटली.

ती वही उघडी ठेवली तर काय होतं, हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं दाखवलं. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे आदर्श गाव योजनेतून माथा ते पायथा कामं झाली. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि गावाला भेट देणाऱ्या बसगाड्याही तेच बघून जातात. खरा धडा मात्र त्या चरांपेक्षा गावच्या नियमांत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाहीत. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळायची. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे मांडायची. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, उरेल त्यावर रब्बीचं पीक ठरवायचं. पाऊस कमी झाला तर गव्हाचं क्षेत्र कमी. पाणी पाहून पीक, इतकी साधी ही गोष्ट. पण ती दर वर्षी सगळ्यांसमोर ठरते, म्हणून ती पाळली जाते.

ताळेबंद म्हणजे फार मोठं शास्त्र नव्हे. एक हजार हेक्टरचं, चारशे मिलिमीटर पावसाचं, दीड हजार वस्तीचं गाव घ्या. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. म्हणजे गावावर वर्षाला 40 लाख घनमीटर पाणी पडतं. त्यातलं बरंच उडून जातं, काही पिकं आणि गवत पितात, काही वाहून जातं. आपल्या काळ्या पाषाणात खाली मुरतं ते ढोबळमानानं दहावा हिस्सा, म्हणजे 4 लाख घनमीटर. माणशी रोज 55 लिटर धरले तर सगळ्या गावाचं वर्षाचं पिण्या-वापरण्याचं पाणी होतं 30 हजार घनमीटर. आणि ऊस? त्याला हेक्टरी साधारण 20 हजार घनमीटर लागतं. पावसाचे चार हजार वजा केले तरी सोळा हजार विहिरीतून उपसावे लागतात. 25 हेक्टर उसात मुरलेलं सगळं पाणी संपलं. हजार हेक्टरांपैकी फक्त पंचवीस. ठिबकनं आकडा काहीसा खाली येईल, बंधाऱ्यांनी मुरणारं पाणी काहीसं वाढेल, पण गणिताचा रोख बदलत नाही. हा हिशेब शाळेतल्या फळ्यावर मांडता येतो, आणि एकदा तो सगळ्यांनी पाहिला की पंचवीस हेक्टर ऊस हा फक्त त्या चार-पाच घरांचा विषय उरत नाही.

हीच गोष्ट शेततळ्यांची. 30 मीटर लांब, तेवढंच रुंद आणि 3 मीटर खोल तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. पावसाचं वाहतं पाणी धरून पिकाला एखादं संरक्षित पाणी देता यावं, ही मूळ कल्पना उत्तम होती. पण अनेक ठिकाणी तळ्याला ना पाणी आत यायची वाट ठेवली, ना बाहेर जायची. प्लास्टिकचा कागद अंथरला आणि विहिरीतून, बोअरमधून उपसून ते भरलं. म्हणजे जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी वर काढून एकाच्या कुंपणात ठेवलं, तेही उन्हात, जिथून वर्षाला मीटर-दीड मीटर उडूनच जातं. फळबाग जगवणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही, त्याची कर्जं खरी आहेत. पण अनुदान देताना हे तळं कशानं भरणार, असा प्रश्न ग्रामसभेनं विचारायची सोय असायला हवी होती.

तशी सोय कायद्यात सापडते, पण अर्धवट. 2009 चा महाराष्ट्र भूजल कायदा राष्ट्रपतींच्या संमतीनंतर 2014 पासून लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला त्यात मनाई आहे, पाणलोट क्षेत्र समित्यांची तरतूद आहे, पाणी पाहून पीक आराखडा करण्याची तरतूद आहे. त्याआधीच्या 1993 च्या कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्याला बंदी होती. आणि तरी उन्हाळ्यात बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरतात, दोनशे-अडीचशे मीटर खोल जातात. त्या गाडीला गावच्या वेशीवर थांबवायचा अधिकार, थांबवल्यावर पाठीशी उभं राहणारा अधिकारी आणि गावकीत वैर पत्करायची ताकद, या तिन्ही गोष्टी एका सरपंचाकडे क्वचितच असतात. त्यात पाणलोटाची हद्द गावाच्या हद्दीशी जुळत नाही. वरच्या गावानं अडवलेलं पाणी खालच्या गावाच्या विहिरीचं असतं. म्हणून एकेका ग्रामपंचायतीवर सगळं सोपवून भागणार नाही. एका ओढ्याच्या चार गावांना एकत्र बसवणारं कुणी तरी लागेल, आणि ते काम पंचायत समितीचं आहे असं मला वाटतं.

माहितीची टंचाई आता उरलेली नाही. पाऊस महसूल मंडळात मोजला जातो. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. 2021 पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी नोंदवतात. या तीन नोंदी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एका कागदावर आल्या तर रब्बीचा निर्णय तिथेच घेता येईल. बरगे घालायला, सांडवे मोकळे करायला दरवर्षी थोडे पैसे लागतात; पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत पाणी आणि पावसाच्या पाण्याच्या साठवणीचा हिस्सा होता, तसा ठरावीक वाटा देखभालीच्या नावानं कायम ठेवायला हवा. नवं काम मंजूर करताना जुन्या कामाची स्थिती ग्रामसभेनं लिहून दिलेली असावी, ही अट एकट्यानंही बराच फरक पाडेल.

राहतो सर्वात अवघड भाग, की या सभेत बसणार कोण. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यांनी पाण्याचा हक्क जमिनीपासून तोडला. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं, ऊस नाही, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकला जात नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. हा शेवटचा नियम मला सगळ्यांत दूरचा विचार करणारा वाटतो. 1882 च्या वहिवाट हक्कांच्या कायद्यापासून आपल्याकडे ज्याची जमीन त्याचं तिच्याखालचं पाणी, हीच समजूत चालत आली आहे. त्यामुळे ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की विहीरवाले बोलतात. शेतमजूर, मेंढपाळ आणि हंडा घेऊन मार्च-एप्रिलमध्ये टँकरपुढे उभी राहणारी बाई गप्प बसते, किंवा आलेलीच नसते. बांध कोरला जातोय, बरगे चोरीला गेलेत, बोअरची गाडी रात्री आली होती, हे सगळं या माणसांना आधी दिसतं, कारण ती रोज शिवारातून पायी जातात. साळुंखे 2002 मध्ये गेले, त्यांच्या योजनांपैकी अनेक पुढे थंडावल्या. भूमिहीनाला पाण्याचा हिस्सेदार करणारा तो नियम मात्र अजून कुठल्याही सरकारी पाणलोट योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत घालून बघता येईल, आणि गावच्या पाणलोट समितीत भूमिहीनांना निम्म्या जागा देऊन सुरुवात करता येईल.