काडेपेटी कुणी आणायची?

दोस्तांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रंगमंचावर अंधार आहे. नायकाला कंदील लावायचा आहे. तो ऐटीत खिशात हात घालतो आणि... खिशात काडेपेटीच नाही! समोर भरलेलं नाट्यगृह, परीक्षक पेन सरसावून बसलेले. बिचारा करणार काय?

आता सांगा, चूक कुणाची? नायकाची? छे! चूक त्या मुलाची, ज्याच्याकडे 'प्रॉपर्टी' सांभाळायचं काम होतं. नाटकात लागणाऱ्या सगळ्या वस्तूंना प्रॉपर्टी म्हणतात. हा मुलगा रंगमंचावर कधी दिसत नाही, पण तो एक वस्तू विसरला की सगळ्या चमूची महिन्याभराची मेहनत पणाला लागते.

आज ही गोष्ट सांगायचं कारण म्हणजे तुमचे ताई-दादा. ते कॉलेजात गेले की घरात एक संवाद हमखास ऐकू येतो. "अभ्यास सोडून ही कसली नसती थेरं?" मग दादा तोंड फुगवतो आणि आई डोक्याला हात लावते! पण या 'थेरां'तून काय मिळतं, ते बघू या का?

पुण्यात 'महाराष्ट्रीय कलोपासक' ही संस्था १९६३ सालापासून कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा घेत आली आहे. स्पर्धेच्या दिवसांत भरत नाट्य मंदिर "आव्वाज कुणाचा?" या आरोळीनं दुमदुमून जातं. प्रेक्षकांना दिसतात ते अभिनय करणारे. पण विंगेतली फौज वेगळीच! कुणी नेपथ्य उभं करतो, कुणी दिवे सांभाळतो, कुणी संगीत. कुणी टेम्पोवाल्याशी भाडं ठरवतो, तर कुणी वडापावापासून कापडापर्यंत पै-पैचा हिशेब ठेवतो.

यातलं एकेक काम म्हणजे एकेक धडाच. हिशेब ठेवणारा शिकतो, की पावती नसेल तर खर्च झाला हे कुणी मानत नाही. टेम्पो ठरवणारी अनोळखी माणसाशी न घाबरता बोलायला शिकते. दिग्दर्शक शिकतो, की चिडून ओरडलं तर माणसं काम सोडून जातात. आणि वेळ पाळणं तर सगळ्यांनाच शिकावं लागतं. पडदा काही कुणासाठी थांबत नाही!

"पण मला नाटक जमत नाही," असं कुणी म्हणेल. बिघडलं कुठे? राष्ट्रीय सेवा योजना आहे की! गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. यात विद्यार्थी २ वर्षांत २४० तास काम करतात. शिवाय ७ दिवसांचं शिबिर असतं. अशा शिबिरात पन्नास जणांचा स्वयंपाक करायचा तर तांदूळ किती लागतील, हे गणित कुठल्या पुस्तकात आहे? शिवाय एनसीसी आहे, भित्तिपत्रक आहे, वादविवाद मंडळ आहे. ज्याला जे रुचेल ते!

आई-बाबा, आता थोडं तुमच्याशी. मार्क घसरतील ही तुमची काळजी काही खोटी नाही. दहा मंडळांत नाव घालून मुलगा दिवसभर हुंदडत राहिला, तर ते घसरणारच. पण एकच काम मनापासून पत्करलं, तर दोन्ही साधतं. डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे दोघंही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. एक बालरोगतज्ज्ञ झाले, दुसरे मनोविकारतज्ज्ञ. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक पटेल, आणि त्यातले नाना फडणवीस आगाशे! सगळ्यांनाच एवढं जमेल असं नाही. पण नाटक की अभ्यास, असं भांडण लावायलाच हवं असंही नाही.

मात्र एक गंमत लक्षात ठेवा. नुसती प्रमाणपत्रं गोळा करून काही होत नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत कुणी विचारलं, "कॉलेजात काय केलंत?" तर एक जण म्हणेल, "मी सात मंडळांत होतो." दुसरी म्हणेल, "मी संमेलनाचा हिशेब पाहत होते. शेवटी पन्नास रुपये जुळेनात. रात्री बसून पावत्या पुन्हा लावल्या, माझीच बेरीज चुकली होती. दुसऱ्या दिवशी सरांना तसं सांगितलं." तुम्ही कुणाच्या हाती काम सोपवाल? उत्तर तुम्हीच द्या!

कॉलेज अजून लांब आहे म्हणता? मग शाळेच्या स्नेहसंमेलनापासूनच सुरुवात करा. यंदा बाई विचारतील, "कोण काय करणार?" तेव्हा एक छोटंसंच काम मागून घ्या. खुर्च्या मांडण्याचं, पाहुण्यांना पाणी देण्याचं, फलक लिहिण्याचं. पण ते शेवटपर्यंत न्या. खुर्च्या मांडल्यात, तर त्या परत जागेवर ठेवेपर्यंत घरी जायचं नाही!

आणि हो, काडेपेटीचं काम तुमच्याकडे आलंच, तर दोन ठेवा. एक नायकाच्या खिशात आणि एक विंगेत, तुमच्या हातात!