दुहेरी तावदानाची खिडकी : दुरुस्ती की बदल?

‘खिडकी बिघडली’ हे विधान मराठीत जितके सोपे, तितकेच संदिग्ध आहे. खिडकी या एका शब्दाच्या पोटात चौकट, झडप, बिजागरी, कडी आणि तावदान अशी निरनिराळी अंगे सामावलेली असतात. जुन्या लाकडी खिडकीचे तावदान फुटले, की सुतार लांबी खरवडून नवी काच बसवीत असे. सबंध खिडकी उपटण्याचा विचार कोणाच्या मनातही येत नसे. दुहेरी काचेच्या खिडकीच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो, आणि एका अंगाच्या दोषापायी सर्वांगाचा खर्च घरमालकाच्या माथी बसतो.

मुंबई-पुणे रस्त्यापासून गोव्याचा रस्ता जेथे फुटतो, त्या पळस्पे फाट्यासारख्या ठिकाणी अशी खिडकी मुख्यतः वाहनांच्या आवाजासाठी बसविली जाते. तिच्या दोन काचांमध्ये कडेने एक पोकळ पट्टी असते. पट्टीत ओल शोषणारे मणी भरलेले असतात आणि कडा लुकणाने बंद केलेल्या असतात. हे लुकण विरले, की दमट हवा आत शिरते, कालांतराने मणी तृप्त होतात आणि काचांच्या मध्ये धुके साचते.

तेव्हा पहिला प्रश्न धुके कोठे आहे, हा होय. पावसाळ्यात वातानुकूलित खोलीच्या काचेवर बाहेरून दव धरते. बोटाने ते पुसले जाते. तो दोष नव्हे, हवेचा धर्म आहे. दोन्ही बाजूंनी पुसूनही जे जात नाही, ते आतले धुके. अशा वेळी काचांचा जोड बदलावा लागतो; चौकट सरळ व भक्कम असेल, तर तिला हात लावण्याचे कारण नाही. काचेला भोक पाडून आतील ओल वाळविण्याचा उपायही सुचविला जातो. त्याने काच काही काळ स्वच्छ दिसेल. परंतु बंदिस्त पोकळीचा गुण परत येत नाही.

आवाज वाढल्याची तक्रार सर्वस्वी निराळी. धुक्याने आवाज फारसा वाढत नाही. तो फटीतून येतो. झडपेभोवतीची रबरी पट्टी कडक झाली किंवा बिजागरी लोंबली, की झडप चौकटीला घट्ट बसत नाही. पट्टी व बिजागरी या स्वस्तात बदलण्याच्या वस्तू होत. खालच्या कडेला पाणी तुंबत असेल, तर निचऱ्याची छिद्रे आधी साफ करून पाहावीत.

चौकटच वाकली, सांध्यांत उकलली अथवा भिंतीपासून सुटून हलू लागली, तरच सबंध खिडकी बदलणे न्याय्य ठरते. नुसता काचांचा जोड मागविताना त्याची एकूण जाडी जुन्या खाचेशी जुळते किंवा नाही, हे आधी मोजून घ्यावे. ‘टफन्ड’ म्हणून विकली जाणारी काच मागाहून कापता येत नाही.