यादीबाहेरचे बिघाड

सिस्टिक फायब्रोसिस हा गोऱ्या लोकांचा आजार, असं आपल्याकडे शिकलेली माणसंही सहज बोलून जातात. हा समज अगदीच हवेतून आलेला नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पंचविसांत एक जण या आजाराचा वाहक असतो. आपल्याकडे तो नक्कीच विरळा. पण विरळा म्हणजे नाहीच, इथवर मजल गेली की पंचाईत होते. वारंवार न्यूमोनिया होणारं, पोटभर खाऊनही अंग न धरणारं, तेलकट शी करणारं मूल मग दम्याच्या नाहीतर क्षयाच्या खात्यावर जमा होतं. कुणा डॉक्टरांना शंका आलीच, तर दुसरा गैरसमज आडवा येतो : जनुकीय तपासणी ‘निगेटिव्ह’, म्हणजे आजार नाही. दोहोंत हा अधिक घातक, कारण त्याच्या हातात छापील रिपोर्ट असतो.

१९८९ मध्ये टोरांटो आणि मिशिगनमधल्या लॅप-ची त्सुई, जॅक रिऑर्डन, फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावरचं सीएफटीआर हे जनुक शोधून काढलं. त्यावरून १,४८० अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं आणि पेशीच्या आवरणातून क्लोराईडची ये-जा त्याच्यामार्फत होते. सर्वाधिक आढळणारा बिघाड म्हणजे एफ५०८डेल. निरोगी जनुकात ५०७ आणि ५०८ या जागांची अक्षरं ‘एटीसी टीटीटी’ अशी असतात. त्यातली सीटीटी ही सलग तीन गळतात आणि मागे ‘एटीटी’ उरतं. गंमत अशी, की एटीसी काय किंवा एटीटी काय, दोन्हींवरून आयसोल्युसिनच बनतं. त्यामुळे ५०७ शाबूत राहतं आणि ५०८ वरचं फेनिलअ‍ॅलनिन तेवढं जातं. एवढ्यानं प्रथिनाची घडी चुकते आणि पेशी ते आवरणापर्यंत पोहोचण्याआधीच नष्ट करते. जी५५१डी या बदलाची तऱ्हा वेगळी : प्रथिन जागेवर पोहोचतं, पण नीट उघडत नाही. या जनुकात असे दोन हजारांहून अधिक बदल नोंदले गेले आहेत. सगळेच रोगकारक नाहीत, पण रोगकारक आहेत तेही शेकड्यांनी.

तयार पॅनेलची तपासणी यांतले निवडकच बदल पाहते. अमेरिकेत वाहक-तपासणीसाठी बरीच वर्षं प्रमाण मानलेल्या यादीत अवघे २३ होते. २०२३ मध्ये ती १०० वर नेली गेली. जुन्या याद्या मुख्यतः युरोपीय वंशाच्या रुग्णांवरून बेतलेल्या. त्यांच्यात रोगी जनुकांपैकी सुमारे ७० टक्क्यांवर एफ५०८डेल सापडतो. भारतीय रुग्णांत हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं. मतदार यादीत नाव नाही म्हणून माणूसच नाही, असं कुणी म्हणत नाही. इथे मात्र तसंच म्हटलं जातं.

मग इतक्या विरळ आजारासाठी सरसकट साऱ्यांच्या अख्ख्या जनुकाचं वाचन करायचं का, हा आक्षेप रास्त आहे. उत्तर ‘नाही’ असंच आहे. सुरुवात घामापासून करावी. १९४८ च्या न्यूयॉर्कमधल्या उष्णतेच्या लाटेत हा आजार असलेली मुलं जास्त कोलमडतात हे लक्षात आलं, आणि त्यांच्या घामात मीठ जादा असल्याचं पॉल दि सांत’अन्येझे यांनी १९५३ मध्ये मांडलं. हाताला पिलोकार्पिन लावून सौम्य विद्युतप्रवाह द्यायचा, अर्धा तास घाम गोळा करायचा. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा जास्त क्लोराईड निघालं तर निदान जवळपास पक्कं. काही सौम्य बदलांत आकडा अधेमधे अडकतो, तेव्हा जनुकवाचन लागतंच. आपल्या उन्हाळ्यात तर काही बाळं छातीच्या तक्रारीआधी क्षार घटल्यानंच दवाखान्यात येतात.

‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’ हा दुसरा आक्षेप. वाहकाला आजार नसतो, त्यामुळे दोष कित्येक पिढ्या गुपचूप पुढे सरकतो. मामेबहिणीशी लग्न झालं असेल तर दोघं वाहक असण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या जोडप्यातही दोघांचे वेगवेगळे बदल मुलात एकत्र येऊ शकतात. आणि दोघं वाहक असलेल्या जोडप्याच्या मुलांत चारांत एक आजारी, याचा अर्थ एक आजारी झाल्यावर पुढची तिघं सुटली असा नव्हे. प्रत्येक गरोदरपणी २५ टक्के शक्यता नव्यानं असते.

घामानं निदान झालं तरी बदल शोधायचाच, कारण औषध त्यावर ठरतं. २०१२ मध्ये आलेलं आयव्हाकाफ्टर आधी केवळ जी५५१डीसाठी होतं. २०१९ मध्ये आलेली तीन औषधांची त्रयी निदान एक एफ५०८डेल असलेल्यांसाठी मंजूर झाली. आजारी मुलातले दोन्ही बदल हाती आल्याशिवाय पुढच्या गर्भाची खात्रीची जनुकीय तपासणीही अवघड असते, म्हणून ते पुढचं गरोदरपण येण्याआधीच शोधून ठेवावे लागतात.