टोकियोचे वार्तापत्र : राजीखुशीचा मामला

येथील नगरपालिकेच्या कचेरीत विवाहाची नोंद करावयास गेलेल्या वधूवरांपुढे जो छापील कागद येतो, त्यात ‘पतीचे आडनाव’ आणि ‘पत्नीचे आडनाव’ अशा दोन चौकटी शेजारी शेजारी असतात, व त्यांपैकी एकीत खूण केल्यावाचून विवाह दप्तरी दाखल होत नाही. जपानच्या दिवाणी संहितेचे ७५० वे कलम स्त्रीपुरुषांत काडीचा भेद करीत नाही. दोहोंपैकी कोणतेही आडनाव घ्या, मात्र एकच घ्या, एवढेच त्याचे म्हणणे. प्रत्यक्षात १०० पैकी सुमारे ९५ विवाहांत आडनाव बदलते ते वधूचे. या कलमाविरुद्धची तक्रार २०१५ साली आणि पुन्हा २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली. दोन्ही वेळा ते घटनेस धरूनच आहे, असा निर्वाळा मिळाला.

याचे मूळ शोधू गेल्यास ते जमीनजुमल्यापर्यंत पोहोचते. १८९८ च्या संहितेने घरच्या कर्त्यास कुटुंबीयांच्या विवाहावर व निवासावर अधिकार बहाल केला होता आणि वारसा सामान्यतः थोरल्या मुलाकडे जाई. १९४७ च्या सुधारणेने ही व्यवस्था रद्दबातल होऊन मुलगा-मुलगी समान वारस ठरली खरी. परंतु शेताचे तुकडे पडू नयेत या सबबीवर खेड्यापाड्यांतील बहिणी आपला हिस्सा भावासाठी सोडत राहिल्या, तोही रीतसर कागदावर शिक्का उमटवून.

हे वाचून कोरेगाव-तासगावकडील वाचकास हक्कसोडपत्राची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू कन्येस वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला. तरी सातबाऱ्यावर बहिणींची नावे चढतात न चढतात तोच त्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन ती कमी करून देतात. दस्तात ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणावाचून’ असा मजकूर असतो, आणि तो सर्वस्वी खोटा म्हणवत नाही, कारण दरडावणारा असा तेथे बहुधा कोणीच नसतो. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, आणि सासरी काही विपरीत घडले तर परतायला दुसरे दार नाही, हे न सांगताच सर्वांस ठाऊक असते. साडीचोळी होते, जेवणे होतात, आणि भाऊ त्या दिवशी फार प्रेमाने वागतो.

हिश्श्याच्या बाबतीत असे साम्य असले, तरी मुलगी नको झाल्याची कबुली जपानी कुटुंबे नावांतून आपल्याइतक्या उघडपणे देत नसत. पूर्वीच्या पिढ्यांत ‘तोमे’, ‘सुए’ ही नावे आढळतात, पण त्यांत आता अपत्येच पुरेत एवढाच भाव. सातारा जिल्ह्यात मात्र ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींना ऑक्टोबर २०११ मध्ये प्रशासनाने समारंभपूर्वक नवी नावे दिली. उपक्रम स्तुत्यच होता. त्यांतील थोरल्या मुली एव्हाना संसाराला लागल्या असतील; त्यांच्या वडिलांच्या जमिनीचा फेरफार तलाठ्याच्या चावडीवर येईल, तेव्हा ती नवी नावे सातबाऱ्यावर किती दिवस टिकतात, ते पाहावयाचे.