वॉरंटी कॅपची, दाढेची नव्हे

अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, दाढेचे रूट कॅनॉल झाले की रुग्णापुढे कॅपचे दरपत्रक येते. धातूची कॅप स्वस्त, धातूवर सिरॅमिक चढवलेली त्याहून महाग आणि झिर्कोनियाची आणखी वर. सोबत पाच, दहा, पंधरा वर्षांची वॉरंटी. अनेक जण ही वर्षे पाहूनच निर्णय घेतात. पण वॉरंटी सहसा कॅप फुटण्यापुरती असते, आतल्या दाढेला ती लागू नसते.

कॅपला कीड लागत नाही. कॅपची कड जिथे दाताला टेकते, तिथून ती शिरते. कड नीट बसली नसेल किंवा तिथली स्वच्छता राहिली, तर कॅप शाबूत राहते आणि आतला दात पोखरला जातो. म्हणून कॅप कशाची, याइतकेच ती कशी बसली हेही महत्त्वाचे.

दात किती घासावा लागेल, हा दुसरा मुद्दा. कारण घासलेला दात पुन्हा वाढत नाही. धातूच्या किंवा अखंड झिर्कोनियाच्या कॅपसाठी चावण्याच्या बाजूने सुमारे एक मिलिमीटर जागा पुरते. धातूवर सिरॅमिकचा थर द्यायचा तर दीड ते दोन मिलिमीटर लागते. शिवाय या थराचा टवका उडू शकतो आणि हिरडी मागे सरकल्यावर कडेला काळसर रेघ दिसू शकते.

न दिसणाऱ्या मागच्या दाढेसाठी धातूची कॅप आजही चांगली. मात्र काही मिश्रधातूंत निकेल असते. खोट्या दागिन्यांनी खाज सुटत असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. झोपेत दात खाणाऱ्यांना झिर्कोनियाची मजबुती उपयोगी पडते. पण चावा जुळवताना ती घासली, तर पुन्हा गुळगुळीत करून घ्यावी. खरखरीत राहिल्यास समोरचा दात झिजतो. पुढच्या दातांना लिथियम डायसिलिकेट हे सिरॅमिक शोभते. त्यातून प्रकाश आरपार जात असल्याने दात नैसर्गिक दिसतो.

रूट कॅनॉल झालेल्या प्रत्येक दाताला कॅप लागतेच असे नाही. पुढचा दात बराचसा शाबूत असेल, तर अनेकदा फिलिंगवर भागते. दाढेवर चावण्याचा भार जास्त, म्हणून तिला बहुधा कॅप हवी.

दुसरे मत हवे असेल किंवा खर्च झेपत नसेल, तर मध्य रेल्वेवरच्या रुग्णांना सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि पश्चिम रेल्वेवरच्यांना मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय सोयीचे. तिथे फेऱ्या जास्त होतात, पण खर्च कमी येतो.

कॅप बसवल्यावर चावताना ती उंच लागत असेल, तर 'सवय होईल' म्हणून थांबू नये, लगेच दाखवावी. रोज कडेने ब्रश आणि दोन दातांमध्ये फ्लॉस फिरवावा. वॉरंटी कार्ड जपून ठेवावेच. पण तपासणीला जाताना कॅपच्या कडेचा एक्स-रे काढण्याची गरज आहे का, हेही विचारावे.