परदेशासाठी जन्म दाखला: अपॉस्टिलच्या आधी रजिस्टर बघा

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल, पण ज्याला परदेशी जायचंय त्याची झोप उडवणारा आहे: जन्म दाखल्याचं अपॉस्टिल. यातून मी स्वतः नुकताच पार पडलोय, त्यामुळे जखम अजून ताजी आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले चहाचे घोट काढलेत.

तर मी नांदेडचा. बी.टेक. झालं, सॉफ्टवेअरमध्ये लागलो, पुण्यात काही वर्षं काढली आणि मग कंपनीने नेदरलँड्सला, आइंडहोवनला जायची संधी दिली. आनंद झालाच. मग एचआरकडून कागदपत्रांची यादी आली आणि तिच्यात एक ओळ होती: 'अपॉस्टिल केलेला जन्म दाखला'. तिकडे पोचल्यावर तिथल्या नगरपालिकेत रहिवासी म्हणून नाव नोंदवायचं असतं. त्या नोंदणीवर बीएसएन नावाचा नंबर मिळतो आणि पगार, विमा, बँक सगळं त्या नंबरावर चालतं. नोंदणीच्या वेळी तुमचे आईवडील कोण हेही त्यांच्या दप्तरी चढतं, आणि ते जन्म दाखल्यावरून चढतं.

एका एजंटाला फोन केला. तो म्हणाला, "दाखला कुरिअर करा, बाकी आम्ही बघतो." मी पाकीट तयार केलं. चिकटवायच्या आधी सहज दाखला उघडून वाचला. खरं सांगतो, अठ्ठावीस वर्षांत तो मी पहिल्यांदा नीट वाचत होतो.

दाखला होता लातूर नगरपालिकेचा. हाताने लिहिलेला, फक्त मराठीत. आणि आईच्या नावाच्या रकान्यात जे नाव होतं, ते माझ्या पासपोर्टवरच्या आईच्या नावाशी जुळत नव्हतं. आडनाव सोडा, पहिलं नावच वेगळं.

आपल्याकडच्या पोरांना कारण लगेच कळेल. पहिलं बाळंतपण माहेरी. आईचं माहेर लातूरचं, म्हणून माझा जन्म लातूरच्या दवाखान्यात. जन्माची नोंद कुटुंब जिथं राहतं तिथं होत नाही, जन्म जिथं झाला तिथं होते. घर नांदेडला आणि जन्म लातूरला, तर नोंद लातूरला. लातूरला महानगरपालिका आली २०११ मध्ये. माझा जन्म १९९७ चा, म्हणून दाखल्यावर नगरपालिका. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

नावाची गोष्ट मात्र वेगळी. आपल्याकडे लग्नात बाईचं नुसतं आडनाव नाही, कित्येकदा पहिलं नावही बदलायचे. तांदळात नवं नाव लिहायचं आणि सासरी तेच चालायचं. आईला फोन लावला.

"काय शोधायलास एवढं?"

"दाखल्यावर तुझं माहेरचं नाव हाय."

जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "मामानं सांगितलं असंल दवाखान्यात. त्याला मी त्याच नावानं ठाऊक ना रे."

चूक म्हणावी तर कुणाची? कुणाचीच नाही. पण कागदावर माझी आई एक, आणि पासपोर्टवर दुसरीच. बाबा गेल्यापासून आई नांदेडला एकटी असते. उद्या तिला माझ्याकडे बोलवायचं तर 'ही माझी आई' हे सांगणारा मुख्य कागद हाच. म्हणून पाकीट फाडलं आणि आधी अभ्यास केला. तो अभ्यास म्हणजे आजचा भाग.

अपॉस्टिल नेमकं काय सांगतं?

५ ऑक्टोबर १९६१ ला हेगमध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याआधी एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालवायचा तर खालपासून वकिलातीपर्यंत शिक्क्यांची माळ लागायची. करारातल्या देशांनी ठरवलं की शेवटी एकच ठरावीक प्रमाणपत्र जोडायचं, आणि ते सगळ्यांनी मानायचं. तेच अपॉस्टिल. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. आज १२० पेक्षा जास्त देश त्यात आहेत.

त्या प्रमाणपत्रात दहा क्रमांकित रकाने असतात: देश कोणता, सही कुणाची, तो कोणत्या पदावर, शिक्का कुणाचा, ठिकाण, तारीख, प्रमाणपत्र कुणी दिलं, त्याचा नंबर, शिक्का आणि सही. बस्स. 'आतला मजकूर खरा आहे' असा रकाना त्यात नाही! अपॉस्टिल फक्त एवढंच म्हणतं की सही खरी, सही करणारा त्या पदावर होता आणि शिक्का त्याच कार्यालयाचा.

आपल्या भाषेत सांगतो. ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याजवळ कुलूप दिसतं. ते कुलूप सांगतं की तुम्ही खरंच त्या पत्त्याच्या सर्व्हरशी बोलताय. त्या साइटवर लिहिलेलं खरं आहे, असं ते कधीच म्हणत नाही. अपॉस्टिल म्हणजे कागदावरचं कुलूप. चुकीच्या नावावर लावलं तर चुकीचं नाव पक्कं कुलूपबंद होतं.

शिक्क्यांची साखळी

कुलूप जसं विश्वासाच्या साखळीवर चालतं, तसंच इथेही आहे. आइंडहोवनचा कारकून लातूरच्या निबंधकाला ओळखत नाही. तो ओळखतो भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाला. परराष्ट्र मंत्रालयसुद्धा लातूरच्या निबंधकाला ओळखत नाही, ते ओळखतं महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला. आणि तो अधिकारी निबंधकाची सही तपासतो. म्हणजे क्रम असा:

पहिली पायरी, मूळ दाखला. शहरात महानगरपालिका किंवा नगरपालिका, गावात ग्रामपंचायत.

दुसरी पायरी, राज्य शासनाचं साक्षांकन. महाराष्ट्रात हे मुंबईला, मंत्रालयात होतं.

तिसरी पायरी, परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. हे काम आधी दिल्लीत व्हायचं. २०१९ पासून ते मुंबईसह देशातल्या इतर काही शहरांतही होतं. मंत्रालय नागरिकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या सेवा केंद्रांमार्फत द्यावा लागतो. अपॉस्टिलचं सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये, वर केंद्राचं सेवाशुल्क.

हो, पन्नास रुपये. एजंट काही हजार सांगतात ते धावपळीचे. नांदेडहून देवगिरीने रात्र काढून मुंबई गाठायची, रांग लावायची, परत यायचं, हे ज्याला जमत नाही त्याने एजंट घ्यावा. त्यात काही गैर नाही. पण आपण पैसे कशाचे देतोय ते माहीत हवं. आणि एजंट शिक्के आणून देतो, नाव तपासून देत नाही. ते काम आपलंच.

या साखळीमुळेच जुना, हाताने लिहिलेला दाखला पाठवू नये. १९९७ साली सही केलेल्या माणसाची सही आज कोण पडताळणार? आजच्या निबंधकाच्या सहीचा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही असलेला नवा दाखला काढायचा. नोंद तीच राहते, फक्त कागद नवा. आणि कृपा करून त्याला लॅमिनेशन करू नका. आपल्या घरी महत्त्वाचा कागद दिसला की आई पहिल्यांदा लॅमिनेशनला पाठवते. पण शिक्का आणि स्टिकर प्लास्टिकवर कसे बसणार?

चूक दुरुस्त कशी होते?

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ चा आहे. त्याच्या कलम १५ मध्ये दुरुस्तीची सोय आहे, आणि ती निबंधकाकडेच होते. म्हणजे माझ्यासाठी लातूरला. अर्ज, आईचं शपथपत्र, लग्नाचा पुरावा, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारे कागद (आईची शाळेची टीसी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं), आणि वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं निवेदन. मी मामाला घेऊन गेलो आणि आजोळच्या शेजारच्या काकूंना. काकू म्हणाल्या, "मी तर तुझ्या बारशाला पाळणा म्हणलेली हाव, माझ्यापेक्षा कोण सांगणार?"

तीन चकरा झाल्या. एकदा कागद कमी पडला, एकदा साहेब मीटिंगला होते. सगळ्या प्रकरणाला माझे सात आठवडे गेले, त्यातले पाच लातूरचे. मुंबईचा भाग उलट सरळ होता. रुजू व्हायची तारीख एकदा पुढे ढकलून घ्यावी लागली आणि ते ईमेल लिहिताना पोटात गोळा आला होता, हेही सांगून टाकतो.

तुमची अडचण वेगळी असू शकते. त्यातल्या नेहमीच्या दोन सांगतो.

एक, दाखल्यावर बाळाचं नावच नसतं. दवाखान्यातून नोंद आधी जाते, बारसं नंतर होतं, आणि रकाना कोरा तो कोराच. जन्म नोंदल्यापासून १२ महिन्यांत नाव घालायला शुल्क लागत नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तुमचं वय त्याहून जास्त असेल तर शासनाची मुदतवाढ चालू आहे का, हे निबंधकाकडे विचारा.

दोन, नोंदच झालेली नसते. घरी बाळंतपण झालेल्या आपल्या आईवडिलांच्या पिढीत हे फार. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला आणि हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. २०२५ मध्ये राज्याने या उशिराच्या नोंदींची छाननी कडक केली आहे, तेव्हा वेळ हातात ठेवून सुरुवात करा. आणखी एक: लातूर जिल्हा झाला १५ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीच्या कागदांवर उस्मानाबाद जिल्हा दिसला तर घाबरू नका, ते बरोबर आहे.

सगळीकडे अपॉस्टिल चालत नाही

माझा एक मावसभाऊ कतारला गेला. कतार आणि संयुक्त अरब अमिराती या करारात नाहीत. तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन आणि त्यावर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का, अशी जुनीच पद्धत. ओमान, बहारीन मात्र करारात आहेत. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आला, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. जर्मनीची गंमत वेगळीच: तो देश करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला त्याने आक्षेप घेतला, म्हणून आपलं अपॉस्टिल तिथे चालत नाही. त्यामुळे सीनियरने काय केलं यावर जाऊ नका. तुमचा देश, तुमचं कारण, आणि तिथल्या कार्यालयाची आजची यादी, हे तिन्ही बघा.

डिग्रीचा रस्ताही थोडा वेगळा. तिची खातरजमा शिक्षणाच्या बाजूने होते, आधी विद्यापीठाकडून. नांदेड-लातूरकडच्या बऱ्याच जणांसाठी ते म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ.

आज रात्री करायचं काम

परदेशी जायचा नुसता विचार असला तरी एवढं करा. जन्म दाखला, दहावीची सनद, पासपोर्ट आणि आधार शेजारी शेजारी ठेवा. तुमचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. फरक दिसला तर व्हिसाची वाट न बघता आत्ताच जन्मगावी अर्ज टाका. ऑफर लेटर हातात असताना लातूरच्या चकरा फार लांब वाटतात, विश्वास ठेवा.

शेवटचं सांगतो. दुरुस्ती मंजूर झाली त्या दिवशी आईचा फोन आला. "म्हंजे ते नाव खोडलं का आता?" तिच्या आवाजात जरा काहीतरी होतं.

मी रजिस्टर डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणून सांगू शकलो. कायद्याने मूळ नोंद खोडतच नाहीत. दुरुस्ती समासात लिहितात, खाली सही आणि तारीख. नव्या दाखल्यावर सासरचं नाव आलंय, पण लातूरच्या त्या पानावर माहेरचं नाव आहे तसंच आहे, आणि शेजारी दुसरं.

"बरं झालं," म्हणाली. "आता जेव आणि झोप."

तर मंडळी, आजच्यासाठी इतकंच. तुमचा दाखला कुठे अडकलाय ते व्हॉइस नोटमध्ये सांगा, फक्त दाखल्याचा फोटो पाठवू नका, तो कुणालाच असा पाठवू नये. भेटू पुढच्या भागात.